सबवूफरचा आवाज किती? एका अक्षराने केलेला घोटाळा

आजचा भाग लोकलमध्ये ऐकताय, जिममध्ये ऐकताय की झोपताना ऐकताय माहीत नाही, पण इअरफोन लावून ऐकत असाल तर उत्तम. कारण आज बोलायचं आहे अशा आवाजाबद्दल, जो तुमच्या फोनच्या स्पीकरमधून येऊच शकत नाही. बेस. त्यातही होम थिएटरच्या सबवूफरचा बेस. तो किती ठेवायचा, कसा मोजायचा, आणि चुकला तर काय होतं.

चुकला तर काय होतं, तिथूनच सुरू करतो. कारण चुकलो मीच होतो.

दोन वर्षं पैसे साठवून मी पाच-पॉइंट-वनचा सेट घेतला. रिसीव्हर, पाच स्पीकर आणि १० इंची सबवूफर. आमचा हॉल साधारण १२ बाय १५ फुटांचा. पहिल्या दिवशी अ‍ॅक्शन पिक्चर लावला, सोफा हलला, मी खूश! बाबा मात्र दुसऱ्या दिवशी बातम्या बघताना म्हणाले, "अरे, हा माणूस माठात तोंड घालून बोलतोय का? आवाज मोठाय, पण शब्द कळत नाहीत." मी म्हटलं, बाबा, सवय होईल तुम्हाला.

चौथ्या दिवशी रात्री साडेदहाला दारावर खालच्या मजल्यावरच्या काकू. चिडलेल्या नव्हत्या, दमलेल्या होत्या. म्हणाल्या, "तुझा पिक्चर ऐकू येत नाही रे मला. पण मांडणीवरची भांडी वाजतात. आणि बाळ दचकून उठतं." त्यांची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती, बाळ जेमतेम तीन आठवड्यांचं. मी सॉरी म्हटलं आणि सबवूफर बंद केला. मग पिक्चर बघताना सगळं पोकळ वाटायला लागलं, म्हणून दोन दिवसांनी परत चालू केला. काकू परत आल्या.

आता गंमत ऐका. मी काही नॉब अंदाजाने फिरवला नव्हता! मी मोजून लावला होता. फोनवर डेसिबल मोजायचं अ‍ॅप टाकलं होतं. रिसीव्हरमध्ये टेस्ट टोन असतो, म्हणजे 'शूऽऽ' असा ठरावीक आवाज, एकेका स्पीकरमधून येणारा. प्रत्येक स्पीकर सोफ्यावर ७५ डेसिबलला आणायचा, असं वाचलं होतं. पाचही स्पीकर ७५ ला आणले. सबवूफरची पाळी आली, तर अ‍ॅप ५० च्याही खाली दाखवतंय! नॉब वाढवला, रिसीव्हरमधून लेव्हल वाढवली, तरी ६१ च्या वर जाईना. मला वाटलं सबवूफरच कमजोर आहे, दुकानदाराने फसवलं. तसाच ६१ वर सोडून दिला.

माझा एक मित्र लग्न, गणपती, कॉलेजचे कार्यक्रम अशा ठिकाणी साउंड करतो. त्याला बोलावलं. त्याने खिशातून त्याचा मीटर काढला, सोफ्यावर धरला. ९१! माझा फोन ६१ म्हणतोय आणि त्याचा मीटर ९१. त्याने माझ्या फोनच्या स्क्रीनवर बोट ठेवलं. आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं 'डीबी' आणि पुढे 'ए'. म्हणाला, "सगळा घोटाळा या 'ए'ने केलाय."

ते 'ए' म्हणजे काय, हे नीट सांगतो, कारण आजच्या भागातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच.

आपला कान सगळ्या आवाजांना सारखं ऐकत नाही. मधले आवाज, म्हणजे बोलणं, बाळाचं रडणं, हे चटकन ऐकू येतात. खर्जातले आवाज तेवढ्याच जोराचे असले तरी कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली याचे आलेखच मांडले होते. मग मीटर बनवताना कानासारखं मोजायचं म्हणून 'ए' नावाची चाळणी लावली. ही चाळणी ५० हर्ट्झला जवळजवळ ३० डेसिबल कापून टाकते. आणि सबवूफरचा टेस्ट टोन नेमका तिथेच असतो! म्हणजे मी तराजूवर हात ठेवून वजन करत होतो, आणि कमी भरलं म्हणून माल वाढवत होतो.

दुसरी चाळणी असते 'सी'. ती बेसला फारसा धक्का लावत नाही, ६३ हर्ट्झला एक डेसिबलही कापत नाही. सबवूफर मोजायचा तो 'सी' वर आणि 'स्लो' वर. 'स्लो' अशासाठी की बेसचा आकडा सारखा नाचतो, त्याची सरासरी बघायची असते.

९१ वजा ७५, म्हणजे माझा सबवूफर १६ डेसिबलने जास्त होता. १६ हा आकडा छोटा वाटतो ना? डेसिबलचं गणित वेगळं असतं. दर ३ डेसिबलला शक्ती दुप्पट, १० ला दहापट. १६ म्हणजे सुमारे ४० पट! बाबांना शब्द कळत नव्हते आणि काकूंची भांडी वाजत होती, यात नवल काहीच नाही.

आता काय करायचं ते क्रमाने सांगतो. पेन नको, बाबांसारखं नीट ऐका फक्त.

पहिलं, जागा. लेव्हल लावण्याआधी सबवूफर कुठे ठेवायचा ते ठरवा, कारण जागा बदलली की सगळे आकडे बदलतात. खोलीच्या लांबी-रुंदीप्रमाणे काही सूर फुगतात, काही गायब होतात. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर, त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागा. माझ्या १५ फुटांच्या बाजूला ३८ हर्ट्झच्या आसपास फुगवटा येतो, १२ फुटांच्या बाजूला ४७ च्या आसपास. कोपऱ्यात ठेवला की हे फुगवटे सगळ्यात जास्त. माझा अर्थातच कोपऱ्यात होता, कारण तिथे फुलदाणीची जागा रिकामी होती.

यावर जुनी युक्ती आहे. सबवूफर सोफ्यावर, आपण बसतो तिथे ठेवायचा. बेसचं गाणं लावायचं. आणि आपण खोलीत जमिनीलगत रांगत फिरायचं. जिथे बेस गुबगुबीत न वाटता स्वच्छ, सूर वेगळे कळतील असा ऐकू येतो, तिथे सबवूफर ठेवायचा. मी रांगत असताना बाबा आले. म्हणाले, "बाळ खालच्या मजल्यावर, आणि रांगतोयस तू!" हसा, पण माझी जागा मिळाली. कोपऱ्यापासून साधारण चार फूट अलीकडे, टीव्हीच्या भिंतीला.

दुसरं, कामाची वाटणी. रिसीव्हरच्या मेनूमध्ये छोटे स्पीकर 'स्मॉल' ठेवा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ. म्हणजे ८० च्या खालचं काम सबवूफर करेल, वरचं स्पीकर. सबवूफरच्या पाठीमागे त्याचा स्वतःचा क्रॉसओव्हर नॉब असतो, तो पूर्ण वर नेऊन सोडा, नाहीतर दोन चाळण्या एकावर एक बसतात. स्पीकर अगदीच बारके असतील तर १०० किंवा १२० करा. पण १२० च्या पुढे गेलात की पुरुषाचा आवाज सबवूफरमधून यायला लागतो, आणि बातमीदार परत माठात.

तिसरं, फेज. पाठीमागे ० आणि १८० असा खटका असतो. सबवूफर आणि स्पीकर दोघांनी एकाच वेळी हवा पुढे ढकलली तर बेरीज होते, एकाने ढकलली आणि दुसऱ्याने ओढली तर वजाबाकी. ८० हर्ट्झचा टोन लावा, तुम्ही सोफ्यावर बसा, दुसऱ्या कुणाला तरी खटका बदलायला सांगा. ज्या बाजूला आवाज जास्त, ती बाजू बरोबर.

चौथं, लेव्हल. सबवूफरचा नॉब अर्ध्यावर, रिसीव्हरमधली लेव्हल शून्यावर. मीटर सोफ्यावर, कानाच्या उंचीला, माईक छताकडे. पंखा, एसी बंद. पाचही स्पीकर ७५ ला आणा. मग सबवूफरसुद्धा ७५. आधी नॉबने जवळ आणा, शेवटचे एक-दोन डेसिबल रिसीव्हरमधून.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. सिनेमात स्फोट-भूकंपासाठी बेसचा वेगळा चॅनेल असतो, पाच-पॉइंट-वनमधला तो 'पॉइंट वन'. तो बाकीच्यांपेक्षा १० डेसिबल जास्त वाजावा अशी योजना असते, हे खरं. पण ते १० रिसीव्हर आतल्या आत स्वतः वाढवतो. आपण टेस्ट टोनला ८५ करायचं नाही. तसं केलं तर साखर दोनदा पडली.

आणि हो, बऱ्याच रिसीव्हरबरोबर छोटा माईक येतो, तो सगळं आपोआप मोजतो. माझा खोक्यातच पडून होता! तो वापराच. फक्त नंतर मेनूमध्ये जाऊन सबवूफरची लेव्हल बघा. उणे १२ दिसली तर समजा रिसीव्हर त्याच्या शेवटच्या टोकाला जाऊन अडकलाय, म्हणजे सबवूफरचा नॉब फार वर आहे. नॉब कमी करा, परत मोजा. शून्य ते उणे ५ च्या दरम्यान आली की ठीक.

मीटर नसेल तर? अ‍ॅपमध्ये 'ए'चं 'सी' करता येत असेल तर करा, पण फोनचा माईक मुळात बोलण्यासाठी बनवलेला, खर्जात तो कच्चा असतो. त्याच्या आकड्यावर सबवूफर लावू नका. त्यापेक्षा कान वापरा. बातम्या लावा. निवेदकाचा आवाज टीव्हीतून आला पाहिजे. डोळे मिटून सबवूफर कुठे आहे ते बोटाने दाखवता आलं, तर तो जास्त आहे. साउंडबारवाल्यांनाही हीच चाचणी लागू. आपल्या आवडीसाठी नंतर दोन-तीन डेसिबल वाढवा, हरकत नाही. पण आधी बरोबर लावा, मग आवड.

मित्राने सबवूफर ७५ ला आणला, तेव्हा पहिली पाच मिनिटं मला वाटलं बेस गेलाच. मग पाऊस पडतानाचा सीन आला. लांबून गडगडाट आला आणि मागोमाग पात्राचं पुटपुटणंही स्पष्ट ऐकू आलं. बाबा आतल्या खोलीतून म्हणाले, "आता कळतंय काय बोलतोय ते." चाळीस पट शक्ती कमी केल्यावर पिक्चर मोठा झाला होता.

पण काकूंचा प्रश्न सुटला होता का? नाही. हे प्रामाणिकपणे सांगतो. ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटर असते. ती पडदे, गालिचा, सबवूफरखालचे रबरी पाय यांना जुमानत नाही. रबराने जमिनीत जाणारी थरथर कमी होते, हवेतून जाणारा बेस नाही. आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल. पण ती मर्यादा कशात मोजतात माहितीय? 'ए' मध्येच! म्हणजे ज्या चाळणीने मला फसवलं, तीच दाखवून मी काकूंना म्हणू शकलो असतो की बघा, आकडा नियमात बसतोय. बाळ तरीही दचकलं असतं.

म्हणून मी एक केलं. रविवारी दुपारी बाळ जागं असताना बाबांना वर तोच अ‍ॅक्शन सीन लावायला बसवलं आणि मी काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. पिक्चरचे शब्द ऐकूच येत नव्हते. फक्त 'धुम्म' आणि पाठोपाठ ताटांची किणकिण. माझा आवाज माझ्या घरात कसा ऐकू येतो हे मी दहा वेळा मोजलं होतं. तिच्या घरात कसा येतो, हे पहिल्यांदा ऐकलं. फोनवर बाबांना सांगत गेलो, "एक कमी करा, अजून एक." उणे ६ ला भांडी गप्प झाली. काकूंनी मान डोलावली.

आता नऊ वाजले की आमचा सबवूफर रोज ६ डेसिबल खाली येतो, आणि रिसीव्हरचा नाइट मोड चालू होतो, म्हणजे स्फोट दबतात, संवाद वर राहतात. मजा थोडी कमी होते, खोटं कशाला सांगू. पण किती कमी करायचं ते आता माहीत आहे, त्यामुळे सगळं बंद करावं लागत नाही.

तर आजचा गृहपाठ. फोनमधलं ते डेसिबलचं अ‍ॅप उघडा आणि आकड्याशेजारी कुठलं अक्षर आहे ते बघा. आणि घरी सबवूफर असेल, तर एकदा खालच्या मजल्यावर चहाला जा. वर सिनेमा लावून.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, कानांची आणि शेजाऱ्यांची!