तयार भाड्याचे घर : लाभ आणि जोखीम
(वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपल्या संमेलनात शिक्षण, विवाह व विद्यार्थी-साहाय्य यांचा विचार दरवर्षी होतो. द्रव्याच्या विनियोगाचा विषय मात्र आपण सहसा काढीत नाही. वस्तुतः आपला समाज बव्हंशी नोकरपेशाचा आहे. तीस-पस्तीस वर्षांची पुंजी निवृत्तीच्या वेळी एकदम हाती येते, आणि ती कोठे गुंतवावी याचा निर्णय मात्र काही आठवड्यांत घेतला जातो. अशा वेळी एक प्रस्ताव हल्ली वारंवार पुढे येतो. तो म्हणजे तयार भाड्याचे घर. त्याच्या दोन्ही बाजू आपणांपुढे मांडाव्यात, एवढाच माझा हेतू आहे.

ज्या घराची डागडुजी झालेली आहे, ज्यात भाडेकरू राहत आहे आणि ज्याची देखभाल विकणाराच पुढेही पाहणार आहे, असे घर विकत घेणे, हे या व्यवहाराचे स्वरूप होय. इंग्रजीत यास ‘टर्न-की’ म्हणतात. किल्ली फिरवावी आणि उत्पन्न सुरू व्हावे, असा त्याचा भावार्थ. अमेरिकेत मेम्फिस, इंडियानापोलिस, क्लीव्हलँड अशा शहरांतील स्वस्त घरे दुरुस्त करून ती दूरच्या महागड्या प्रांतांतील लोकांस विकण्याचा धंदाच झालेला आहे. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या परिसरात भाडेकरूसह सदनिका व दुकानगाळे याच रीतीने विकले जातात.

प्रथम लाभ पाहू. तयार घर डोळ्यांनी पाहता येते. बांधकाम रखडण्याची धास्ती नसते. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या घरावर वस्तू व सेवा कर लागत नाही. भाडे पहिल्या महिन्यापासून येते. प्राप्तिकराच्या दृष्टीनेही सवलत आहे : नगरपालिकेचा भरलेला कर वजा जाता उरलेल्या भाड्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, मग दुरुस्तीस खर्च होवो वा न होवो. ठेवीच्या व्याजास अशी वजावट नाही. शिवाय ठेवीचे मुद्दल महागाईने झिजते. जागेची किंमत व भाडे कालांतराने वाढण्याचा संभव असतो. मुले परगावी वा परदेशी असलेल्या वृद्ध दांपत्यास दुसऱ्याने कारभार पाहावा, हेही सोयीचे वाटते. हे सर्व लाभ खरे आहेत.

परंतु भाड्याचे घर म्हणजे निर्वेध उत्पन्न, ही समजूत आपल्याच प्रांताच्या इतिहासाने खोटी पाडली आहे. मुंबईत चाळी बांधणाऱ्या अनेकांची हीच अपेक्षा होती. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे हाच बहुतेक जागांच्या प्रमाण भाड्याचा आधार ठरविला. भाडेकरूंस त्यामुळे संरक्षण मिळाले, आणि त्याची गरजही होती. पण भाडे गोठले, दुरुस्तीचा खर्च वाढत गेला आणि इमारती जीर्ण झाल्या. असे भाडे कायमचे गोठवून ठेवणे अवाजवी ठरले आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली दिला, आणि त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला. तात्पर्य, घराचे उत्पन्न हे भिंतींवर नव्हे, तर करार, कायदा आणि देखभाल यांवर अवलंबून असते.

आता हिशेब करून पाहू. उदाहरणादाखल ६० लाखांची सदनिका व दरमहा १८,००० रुपये भाडे धरा. वर्षाचे २,१६,००० रुपये होतात. विकणारा सांगतो, ‘साडेतीन टक्क्यांहून अधिक सुटते.’ पण मुद्रांक शुल्क ७ टक्के व नोंदणी फी ३०,००० धरली, तर आपली गुंतवणूक ६४,५०,००० होते. मग गृहनिर्माण संस्थेची वर्गणी ३६,०००, घरपट्टी १२,०००, भाडेकरू बदलताना एक महिना जागा रिकामी राहिल्यास १८,०००, व्यवस्थापकाचा मेहनताना १८,००० आणि दुरुस्ती १५,००० वजा करा. उरतात १,१७,००० रुपये. हे उत्पन्न दोन टक्क्यांच्याही आत आहे. तुलनेसाठी सांगतो की, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा व्याजदर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के ठरला व तीत ठेवण्याची मर्यादा ३० लाख झाली. म्हणून ज्यास दरमहाच्या चरितार्थासाठी पैसा हवा आहे, त्याला असे घर अपुरे पडते. ज्याचा चरितार्थ निवृत्तिवेतनावर सुखाने चालतो आणि जो दहा-पंधरा वर्षे थांबू शकतो, त्याचा विचार निराळा.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. येथे घर विकणारा, भाडेकरू आणणारा आणि व्यवस्था पाहणारा हे तिघे एकच असतात. भाडे जेवढे जास्त दिसेल तेवढी किंमत जास्त मिळते. तेव्हा विक्रीपुरते फुगवलेले भाडे दाखविण्याचा मोह होतो. ‘दोन वर्षे खात्रीचे भाडे’ असे आश्वासन मिळाले, तर ती रक्कम किमतीतच मिळविलेली नाही ना, हे ताडून पाहावे. तसे असल्यास आपलेच पैसे आपणांस हप्त्याने परत मिळतात, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरी गोष्ट कायद्याची. आपल्याकडे बहुतेक घरे ‘लीव्ह अँड लायसन्स’ कराराने दिली जातात. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार मालकी बदलली की असा परवाना नव्या मालकावर आपोआप बंधनकारक राहत नाही. भाडेपट्ट्याचे तसे नाही. तो जागेबरोबर जातो. म्हणून घरात कोण आहे यापेक्षा तो कोणत्या लेखाने राहतो, हे आधी पाहावे. करार परवान्याचा असेल, तर खरेदीबरोबरच आपल्या नावाने नवा करार करावा व भाडेकरूची अनामत आपल्या हाती घ्यावी; अन्यथा जी रक्कम आपण घेतलीच नाही, ती परत करण्यावरून तंटा उद्भवतो. १९९९ च्या कायद्याप्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. करार लेखी व नोंदणीकृत नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे प्रथमदर्शनी ग्राह्य धरले जाते. उलटपक्षी नीट केलेल्या करारास संरक्षणही आहे : राहण्याच्या जागेची मुदत संपूनही ताबा न सोडणाऱ्याकडून सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत ताबा व दुप्पट दराने भरपाई मागता येते.

तेव्हा माझे मत असे : तयार भाड्याचे घर घेऊ नये असे नाही, पण विकणाऱ्याच्या तयारीवर विसंबून घेऊ नये. भाडेकरूशी स्वतः बोलावे. भाडे खरोखर जमा झाल्याच्या मागील वर्षभराच्या नोंदी मागाव्यात. शेजारच्या तशाच घराचे भाडे दुसऱ्या दलालाकडून विचारावे. गृहनिर्माण संस्थेकडून थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहावे. घर भाड्याने दिल्याबद्दल लागणारे बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक नसते, हेही ध्यानात ठेवावे. व्यवस्थापकास एका नोटिशीने दूर करता येईल, असे कलम करारात असावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, निवृत्तीची सारी पुंजी एका घरात कदापि घालू नये; आजारपणात घराची एक खोली विकून औषध आणता येत नाही.

शेवटी एक सूचना. आपल्या समाजात वकील आहेत, अभियंते आहेत, हिशेबतपासनीस आहेत. खरेदीपूर्वी कागदपत्रे पाहून विनामूल्य सल्ला देणारी तिघांची समिती संस्थेने नेमावी. आपण विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या देतो, हे भूषणावह आहेच. पण एखाद्या विधवा भगिनीची वा निवृत्त बंधूची पुंजी बुडण्यापासून वाचविणे, हेही तितकेच मोलाचे समाजकार्य होय. कार्यकारी मंडळाने या सूचनेचा विचार करावा, अशी माझी विनंती आहे.