निर्वासितांच्या नावाचा कर

15 नोव्हेंबर 1971 पासून या देशात पत्र धाडणाऱ्या माणसाला नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचे आणखी एक तिकीट चिकटवावे लागू लागले. आणि साध्या पाकिटाचा टपालखर्च त्या वेळी वीस पैसे असल्यामुळे, पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या नावाने सरकारने पत्रलेखकाकडून जणू चौथाईच वसूल करण्यास आरंभ केला. नाशिकरोडच्या छापखान्यातून स्वतंत्र तिकीट येईपर्यंत थांबण्यास सवड नव्हती, म्हणून कुटुंबनियोजनाच्या प्रचाराचे जे पाच पैशांचे तिकीट प्रचारात होते त्यावरच 'शरणार्थी सहायता' ही अक्षरे उमटविण्यात आली, आणि तीही तिकिटे सर्वत्र वेळेवर न पोहोचल्यामुळे ठिकठिकाणच्या पोस्टमास्तरांनी रबरी शिक्के करवून घेऊन आपापल्या कचेरीत ते काम उरकले. आटोपशीर कुटुंबाचे चित्र आणि त्याच्या डोक्यावर कोटभर पाहुण्यांच्या उदरभरणाचा शिक्का! ज्या अधिकाऱ्याच्या सहीने हे झाले, त्याच्या ठायी विनोदबुद्धी विपुल होती की तिचा समूळ अभाव होता, याचा निर्णय मला आजवर करता आलेला नाही.

त्या शिक्क्यामागील आपत्ती मात्र खरी होती. 25 मार्चच्या रात्री ढाक्यात सुरू झालेल्या हत्याकांडानंतर डिसेंबरपर्यंत सरकारी नोंदीप्रमाणे सुमारे 99 लक्ष माणसे सीमा ओलांडून आली. त्यांपैकी 75 लक्षांच्या आसपास एकट्या पश्चिम बंगालमध्ये, आणि ज्या त्रिपुराची स्वतःची लोकसंख्या जेमतेम साडेपंधरा लक्ष, तेथे चौदा लक्षांहून अधिक. परदेशांतून आलेले साहाय्य खर्चाच्या निम्म्यालाही पुरले नाही. अशा प्रसंगी पोस्टाचे तिकीट, आगगाडीचे भाडे, विमानप्रवास, पावतीवरील रसीदी तिकीट, इतकेच नव्हे तर रोजचे वर्तमानपत्र, या सर्वांवर वटहुकमाने बसविलेला भार लोकांनी फारशी कुरकुर न करता उचलला, हे आपल्या करदात्याला भूषणावहच मानले पाहिजे.

त्याची तक्रार निराळी होती, आणि माझ्या मते ती रास्त होती. कर निर्वासितांच्या नावाचा असला तरी त्याचे उत्पन्न घटनेप्रमाणे भारताच्या संचित निधीतच जमा होणार. त्यामुळे सातारच्या पेढीवर बसून शंभर पाकिटे रवाना करणाऱ्या कारकुनाला, आपल्या पाचशे पैशांतून छावणीत शिधा गेला की दिल्लीच्या एखाद्या कचेरीचे रंगकाम झाले, हे कोणत्याही खतावणीत सापडणे शक्य नव्हते. शिवाय, हे लोक आपल्या घरी परत गेलेच पाहिजेत, येथे त्यांना कायमचे वसविले जाणार नाही, हे धोरण सरकारने पहिल्यापासून ठेवले होते, आणि 1972 च्या मार्चअखेर त्यांतील बहुसंख्य खरोखरच परतलेही. परंतु पाहुणे गेले तरी टपालावरचा हा कर त्यांच्यामागून पुरते वर्षभर, 1973 च्या मार्चअखेरपर्यंत, मुक्काम ठोकून राहिला. त्याच वर्षी महाराष्ट्र भीषण दुष्काळात होरपळत होता. खडी फोडावयास गेलेल्या माणसाने आपली मजुरी कळविण्यासाठी घरी पाकीट धाडले, तर त्यावरही रिकाम्या झालेल्या छावण्यांच्या नावाचे तिकीट लागत असे.

कर उठला, परंतु धोरणाचा जो भाग अर्धवट राहिला त्याचा खर्च काही उठला नाही. कोण राहिले आणि कोण गेले, याची चोख नोंद आसामात वेळीच झाली नाही. 1985 च्या आसाम करारात परकीय कोण हे ठरविण्यासाठी तीच 25 मार्च 1971 ही सीमारेषा ठरली, आणि त्या रेषेच्या आधारे नागरिकांची नोंदवही तयार व्हावयास 2019 चा ऑगस्ट उजाडला. आजोबांचे नाव असलेली जुनी मतदारयादी किंवा जमिनीचा दस्तऐवज पैदा करण्यासाठी हातावर पोट असलेल्या माणसांनी रोजगार बुडवून कचेऱ्यांचे उंबरठे झिजविले. 19 लक्षांहून अधिक नावे तरीही वगळली गेली. आणि ज्या कामाचा प्रारंभीचा अंदाज 288 कोटी रुपये होता त्याचा आकडा 1,600 कोटींच्या वर चढल्याचे महालेखापरीक्षकांनी 2022 मध्ये विधिमंडळापुढे आलेल्या अहवालात नमूद केले. या खर्चासाठी कोणी निराळे तिकीट छापले नाही, म्हणून करदात्याला तो दिसलाही नाही.