मैलापाण्याचा हिशेब आपण मांडूया
(मुंबईतील महिला मंडळांच्या बैठकीत केलेले भाषण)



आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मी मलनिःसारण आकाराबद्दल विचारलं. उत्तर आलं, "ताई, हे तांत्रिक आहे, मिस्टरांना पाठवा." एम.एस.डब्ल्यू. होऊनही मला ते बिल वाचता येत नव्हतं, हे खरंच. म्हणून शिकले. तेच आज सांगते.

मीटर असतो तो येणाऱ्या पाण्याला. घरातून सांडपाणी किती गेलं, हे कुणी मोजत नाही. आलेलं पाणी वापरून गटारातच जाणार, असं धरून महानगरपालिका पाण्याच्या आकाराच्या ७० टक्के मलनिःसारण आकार लावते. पाण्याचे १००० रुपये झाले, तर मैलापाण्याचे ७००. गच्चीवरची टाकी रात्रभर वाहिली, तर भुर्दंड दोन्हीकडे.

पाण्याचा दर ठरतो माणशी. दर माणशी रोज १५० लिटरपर्यंत साधा दर, पुढे २०० पर्यंत दुप्पट, २५० पर्यंत तिप्पट, त्यावर चौपट. घरटी माणसं पाच धरतात. पण मीटर साऱ्या इमारतीचा एकच! एकाची उधळपट्टी सगळ्यांच्या बिलात येते.

आता सोसायटीत या. आदर्श उपविधींप्रमाणे पाण्याची वाटणी माणसांवर नाही, घरातल्या नळांची संख्या आणि आकार यांवर होते. म्हणजे तेवढेच नळ असलेली एकटी विधवा आणि सहा जणांचं कुटुंब, दोघांना आकार सारखा. घरात पाणी भरायचं, जपायचं, पुरवायचं काम बाईचं. हिशेबाच्या खुर्चीवर मात्र पुरुष.

आणखी एक. हे पैसे आपण मैला वाहून नेण्यासाठी देतो. तरीही गटारात, सेप्टिक टाकीत उतरून माणसं गुदमरून मरतात. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय असं उतरवणं गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. पण मागे राहिलेल्या बाईचं घर पैशाने उभं राहतं का?

तेव्हा तीन गोष्टी करूया. पाण्याच्या बिलाची प्रत मागूया. वाटणी कशी केली, हे सभेत विचारूया. आणि आपल्या इमारतीची टाकी साफ करायला माणूस उतरणार नाही, यंत्र येईल, असा ठराव लिहून घेऊया.

कुणी म्हणालं, "मिस्टरांना पाठवा", तर सांगा, आम्ही आलोय.