दूरची प्रत आणि घरची प्रत

(बंगळूर येथे मराठी वाचकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



आजचा विषय वरवर पाहता अगदी घरगुती आहे. आपली छायाचित्रे, पत्रव्यवहार, हिशेब, आजीच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण, अर्धवट लिहून ठेवलेले आत्मचरित्र, हे सारे आता बहुधा कागदावर नसते. ते मोबाइलमध्ये किंवा संगणकात असते. हे यंत्र बिघडले, हरवले वा चोरीस गेले तर हाताशी असावी म्हणून जी दुसरी प्रत आपण ठेवतो, तिला राखीव प्रत म्हणू. ती कोठे ठेवावी? दूरच्या एखाद्या कंपनीकडे, म्हणजे ज्याला सर्वजण 'क्लाउड' म्हणतात तेथे, की घरच्या कपाटातील हार्ड डिस्कवर? संगणकावरच ज्याचा संसार चालतो अशा या बंगळूर शहरातही पुष्कळ घरांत या प्रश्नाचा विचार कोणी केलेला नसतो. मोबाइल विकत घेताना दुकानदाराने जे चालू करून दिले, तेच घराचे धोरण होऊन बसते.

मी अनुवादाचे काम करते; त्यामुळे हा प्रश्न मला पुस्तकांच्या बाजूने दिसतो. छापील पुस्तकाच्या हजार-दोन हजार प्रती निघतात. एक वाळवीने खाल्ली तरी दुसरी कोठल्या तरी ग्रंथालयात शाबूत असते. हस्तलिखिताचे तसे नाही. त्याची एकच प्रत असते, आणि ती गेली म्हणजे ग्रंथच गेला. आपल्या खासगी फायली या अर्थाने हस्तलिखितांच्या जातीच्या आहेत. त्यांची दुसरी प्रत करणे हे मालकाखेरीज जगात कोणाचेच काम नसते.

प्रथम 'क्लाउड' या शब्दाविषयी. ढगाचे नाव असले तरी ही वस्तू जमिनीवरच आहे. मोठमोठ्या इमारतींत हजारो डिस्क रात्रंदिवस फिरत असतात, त्यांना वीज लागते, थंड हवा लागते, पहारा लागतो. आपली फाईल तेथे सहसा एकाच डिस्कवर नसते. तिच्या एकाहून अधिक प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवलेल्या असतात. एक डिस्क बिघडली तर ती बदलली जाते आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. एवढी व्यवस्था सामान्य घराला परवडणारी नाही. क्लाउडच्या बाजूने हे फार मोठे प्रमाण आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

तथापि यंत्र टिकणे आणि संस्था टिकणे या दोन निराळ्या गोष्टी होत. याचे एक उदाहरण याच शहरातले आहे. मल्लेश्वरमजवळच्या भारतीय विज्ञान संस्थेला जुने बंगळूरकर अजूनही 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणतात. या संस्थेच्या पुढाकाराने आणि अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सहकार्याने चालू शतकाच्या आरंभी 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' हा प्रकल्प उभा राहिला. देशातील ठिकठिकाणच्या ग्रंथालयांतील जुनी पुस्तके पानापानाने चित्रित करून ती सर्वांना वाचावयास खुली करावीत, हा त्याचा उद्देश. त्यांत मराठी पुस्तकेही पुष्कळ होती. पुढे 2017 च्या सुमारास ते संकेतस्थळ वाचकांना मिळेनासे झाले. सुदैवाने त्यातील लक्षावधी पुस्तकांच्या प्रती अमेरिकेतील 'इंटरनेट अर्काइव्ह' या ना-नफा संग्रहाकडे पोचल्या होत्या. आज तेथे एखादे जुने मराठी पुस्तक उघडले, तर त्याच्या ओळखक्रमांकात अनेकदा 'डीएलआय' ही अक्षरे आढळतात. मूळ संकेतस्थळ बंद झाले, पण ग्रंथ वाचले. कारण त्यांची दुसरी प्रत दुसऱ्या संस्थेच्या हाती होती.

गोष्ट येथेच संपत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये त्याच इंटरनेट अर्काइव्हवर सायबर हल्ला झाला. सुमारे 3 कोटी 10 लाख खात्यांची माहिती चोरीस गेली आणि संग्रह काही दिवस बंद ठेवावा लागला. पुस्तके सुखरूप राहिली. परंतु त्या काही दिवसांत ज्यांनी हवे ते पुस्तक आधीच आपल्या संगणकावर उतरवून घेतले होते, त्यांचेच वाचन अखंड चालू राहिले. दूरच्या प्रतीने पुस्तक वाचवले आणि घरच्या प्रतीने वाचन चालू ठेवले, असे या दोन घटनांचे सार सांगता येईल.

आता घरच्या प्रतीचे दोष पाहू. हार्ड डिस्कमधील चकत्या मिनिटाला हजारो फेरे घेतात. टेबलावरून पडणे, विजेचा दाब एकदम वाढणे किंवा नुसते वय होणे, यांपैकी कोणतेही कारण तिला पुरते. पेनड्राइव्ह तर हरवण्यासाठीच जन्मास येतात असे वाटते. शिवाय घरची प्रत घराच्याच नशिबाशी बांधलेली असते. सप्टेंबर 2022 च्या पावसात बंगळूरच्या पूर्व भागात घराघरांत पाणी शिरले आणि माणसांना होड्यांतून व ट्रॅक्टरवरून बाहेर काढावे लागले. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरकरांनी याहून भीषण पूर पाहिला. अशा वेळी संगणक आणि त्याच्याच शेजारच्या खणातील राखीव डिस्क या दोन प्रती म्हणाव्यात काय? पाण्याच्या दृष्टीने ती एकच वस्तू होय. चोराच्या दृष्टीनेही तसेच. आणि फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे जे संगणकीय विषाणू अलीकडे निघाले आहेत, ते संगणकाला कायम जोडून ठेवलेली डिस्कही त्याच झपाट्यात कुलूपबंद करतात.

दूरच्या प्रतीचे दोष निराळ्या प्रकारचे आहेत. ती जागा आपली नसते. आपण तेथे भाडेकरू असतो आणि भाड्याचे नियम घरमालक ठरवतो. गूगल फोटोज या सेवेत छायाचित्रांसाठी विनामूल्य अमर्याद जागा मिळत असे. 1 जून 2021 पासून ती सवलत संपली आणि नवी छायाचित्रे खात्याच्या 15 गिगाबाइटच्या वाट्यातच धरली जाऊ लागली. दोन वर्षे न वापरलेली खासगी खाती त्यांतील मजकुरासह पुसून टाकता येतील, असा नियम त्याच कंपनीने केला आणि डिसेंबर 2023 पासून त्याची अंमलबजावणी आरंभली. यांत फसवणूक काही नाही. पूर्वसूचना दिलेली होती. परंतु वृद्ध पित्याच्या निधनानंतर त्यांच्या खात्यावर येणाऱ्या सूचना वाचणार कोण?

मोठ्या संस्थांनाही हाच प्रश्न पडतो. दक्षिण कोरियातील देजॉन येथे 26 सप्टेंबर 2025 रोजी सरकारी माहिती केंद्राला आग लागली. तेथील सरकारी नोकरांना आपले कागद कार्यालयातील संगणकावर न ठेवता 'जी-ड्राइव्ह' नावाच्या सामायिक सरकारी क्लाउडवर ठेवण्याच्या सूचना होत्या. त्या आगीत जी-ड्राइव्हवरील 858 टेराबाइट माहिती जळाली. साठा फार मोठा म्हणून त्याची बाहेर दुसरी प्रत ठेवलेलीच नव्हती. याउलट मे 2024 मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीची गूगल क्लाउडवरील व्यवस्था एका चुकीच्या मांडणीमुळे पुसली गेली. दोन ठिकाणी ठेवलेल्या प्रतींपैकी दोन्ही गेल्या, कारण त्या एकाच खात्याखाली होत्या. निधीचे काम पुन्हा उभे राहण्यास मोठे साहाय्य झाले ते दुसऱ्या एका कंपनीकडे ठेवलेल्या प्रतींचे.

या दोन उदाहरणांतून आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर हाती येते. क्लाउड चांगला की घरची डिस्क, असा सामना लावण्यात फारसा अर्थ नाही. एका संकटाने ज्या दोन्ही प्रती नष्ट होतील, त्या मोजताना एकच धराव्यात, हा खरा कस आहे. घराला पूर आला तर क्लाउड वाचतो. खाते बंद झाले तर कपाट वाचते. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने हाच विचार आकड्यांत बसवून लोकप्रिय केला: प्रती 3, साधने 2 प्रकारची, आणि त्यांतील 1 प्रत घराबाहेर. मूळ फाईल, घरची डिस्क आणि क्लाउड एवढ्याने हा हिशेब पुरा होतो. ज्यांना क्लाउडवर विश्वास नसेल, त्यांनी दुसरी डिस्क धारवाडच्या बहिणीकडे ठेवावी. तीही घराबाहेरचीच प्रत झाली.

येथे एका गैरसमजाची नोंद केली पाहिजे. मोबाइल आणि क्लाउड यांतील फायली आपोआप सारख्या ठेवण्याची सोय असते. पुष्कळजण तिलाच राखीव प्रत समजतात. पण आरसा म्हणजे प्रत नव्हे. मोबाइलमध्ये एखादे छायाचित्र पुसले की अशा व्यवस्थेत ते पलीकडेही पुसले जाते. काही दिवस ते कचरापेटीत राहते, त्यानंतर कायमचे जाते. चूक लक्षात येण्यास मात्र कधी कधी वर्ष लागते. म्हणून वर्षातून दोनदा काढलेली आणि नंतर हात न लावलेली एक स्वतंत्र प्रत हवी.

'एवढे सारे ठेवायचे तर जागा किती लागेल?' हा प्रश्न स्वाभाविक आहे. यूटीएफ-8 या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट जागा घेते. पानावर 1,800 चिन्हे धरली, तर 300 पानांच्या पुस्तकाचा साधा मजकूर सुमारे 16 लाख बाइट होतो. मोबाइलवरचे एक छायाचित्र बहुधा याच्या दुप्पट असते! तीस पुस्तकांचे आयुष्यभराचे लेखन पंधरा छायाचित्रांच्या जागेत मावते. तेव्हा प्रथम निवड करावी. पत्रे, लेखन, घराचे कागद, नावे लिहिलेली जुनी छायाचित्रे यांच्या प्रती सर्व ठिकाणी ठेवाव्यात; लग्नसमारंभाची तीन हजार छायाचित्रे एकाच डिस्कवर राहिली तरी चालतील. शासनाच्या डिजिलॉकरमध्ये 2015 पासून दाखले व परवाने ठेवता येतात. पण आईने लिहिलेल्या पत्राची नोंद कोणत्याही कार्यालयात नसते.

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. प्रत शाबूत राहिली तरी ती वाचता येईल काय? महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. ग्रंथ मठांमधून जपले गेले, परंतु किल्ली पंथीयांपाशीच राहिल्याने उर्वरित मराठी समाजाला हे आद्य मराठी गद्य कित्येक शतके अपरिचितच होते. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीची उकल केली, तेव्हा कोठे ते दालन उघडले. आपली घरे आज नकळत हेच करीत आहेत. खासगी मजकूर परक्यांच्या नजरेस पडू नये म्हणून पासवर्ड लावणे योग्यच आहे. पण तो एकाच माणसाच्या डोक्यात असेल, तर त्या माणसाबरोबर सारा संग्रह जातो.

मराठी लेखकांच्या बाबतीत याची आणखी एक बाजू आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आपण श्री-लिपी, कृतिदेव यांसारख्या टंकांत लिहीत होतो. या टंकांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची रूपे बसवलेली असत. तो टंक नसलेल्या संगणकावर अशी फाईल उघडली की इंग्रजी अक्षरांची निरर्थक ओळ दिसते. तीस वर्षांपूर्वीचे लेखन डिस्कवर सुरक्षित आहे, क्लाउडवरही आहे, आणि तरीही वाचता येत नाही! अशा फायली ज्यांच्याकडे असतील, त्यांनी त्या जुन्या खुणा जाणणारी माणसे व साधने उपलब्ध आहेत तोवर युनिकोडमध्ये आणून घ्याव्यात. फार महत्त्वाचे लेखन असेल तर एकदा कागदावरही छापून ठेवावे. कागदाला पासवर्ड लागत नाही.

वारसाची सोयही करता येते. गूगलने 2013 पासून आणि ॲपलने 2021 पासून, आपल्या पश्चात खात्यातील मजकूर कोणाला मिळावा हे आधीच नोंदवून ठेवण्याची व्यवस्था केली आहे. आपल्या संसदेने 2023 मध्ये केलेल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाविषयीच्या कायद्यातही नामनिर्देशनाची तरतूद आहे. बँकेच्या खात्याला वारस नेमताना आपण जेवढी दक्षता घेतो, तेवढीच येथे घ्यावी.

समारोपादाखल एवढेच सुचवते. घरातील कोणत्या फायली गेल्यास पुन्हा मिळणार नाहीत, त्यांची एका कागदावर यादी करा. त्यांची एक प्रत घरच्या डिस्कवर काढा आणि काम झाल्यावर ती संगणकापासून सोडवून ठेवा. दुसरी प्रत घराबाहेर, क्लाउडवर किंवा आप्ताकडे असू द्या. डिस्क चार-पाच वर्षांची झाली की तिची वाट न पाहता नवी घ्या. सहा महिन्यांतून एकदा त्या प्रतींपैकी एखादी फाईल खरोखर उघडून, शेवटपर्यंत वाचून पाहा. कारण न उघडलेली प्रत ही केवळ आशा असते. आणि हा यादीचा कागद, किल्ल्यांच्या ठिकाणासह, घरातील दुसऱ्या एका माणसाला दाखवून ठेवा.