परीराज्यातील उचल

(जालना शहरातील मस्तगड येथे शिक्षक व पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



पऱ्यांच्या कथांविषयी पुरोगामी मंडळींच्या मनात एक जुनी अढी आहे. राजपुत्र, जादूची कांडी, आयते मिळालेले अर्धे राज्य ही सारी सरंजामी गुंगी असून मुलांच्या हाती विज्ञानाची पुस्तके द्यावीत, असे सांगण्यात येते. विज्ञानाची पुस्तके द्यावीतच. परंतु आक्षेपकांच्या डोळ्यांसमोर असते ती स्नेहसंमेलनातील, पंख लावलेली गुलाबी परी. आयर्लंड-स्कॉटलंडच्या शेतकऱ्यांची परी अशी नव्हती. तिचे नाव घ्यायलाही लोक भीत आणि त्या साऱ्या जमातीला 'भली माणसे' म्हणून वेळ निभावून नेत. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. डोहाशी, विहिरीच्या कडेला शेंदूर फासलेले सात दगड ज्याने पाहिले आहेत त्याला साती आसरा ठाऊक आहेत. अप्सरा या शब्दाचेच ते लोकांच्या तोंडचे रूप. त्या माणसाला पाण्यात ओढतात अशी समजूत आहे, आणि त्यांची ओटीही भरली जाते.

इंग्रजीत किशोरांसाठी आज ज्या परीकादंबऱ्या लिहिल्या जातात त्या या जुन्या, भीतीदायक परीकडे वळल्या आहेत. अमेरिकन लेखिका होली ब्लॅक यांची २०१८ सालची 'द क्रूएल प्रिन्स' ही त्यांतील गाजलेली. आईबापांचा खून करणाऱ्याच्याच घरी, परीराज्यात वाढलेल्या एका मानवी मुलीची ही कथा. येथील पऱ्यांना खोटे बोलता येत नाही. त्यामुळे त्यांची सारी फसवणूक खऱ्या शब्दांनी, कराराच्या भाषेत चालते. महालात मानवी नोकर राबतात. त्यांच्यावर अशी मोहिनी घातलेली असते की आपण थकलो आहोत हेही त्यांना उमगत नाही.

परीराज्याचा आणखी एक जुना नियम आहे. तेथील अन्न एकदा खाल्ले की परतीची वाट बंद. ज्या घराने मुकादमाकडून उचल घेतली आहे त्या घरातील मुलाला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. पैसे आधी येतात, लग्नात किंवा दवाखान्यात संपतात, आणि मग नवरा-बायकोचा 'कोयता' हंगामभर कारखान्याच्या फडात बांधला जातो. हिशेबात उचल फिटली नाही तर पुढील हंगामही त्याच खाती. परीराज्यात एक रात्र काढून परतलेल्याला गावात वर्षे उलटून गेलेली दिसतात. अंबड, घनसावंगी, मंठ्याकडचे मूल फडावरून परतते तेव्हा त्याचा वर्गही असाच पुढे निघून गेलेला असतो.

या कादंबऱ्यांची बाजू मात्र आंधळेपणाने घेऊ नये. मोहिनीत अडकलेल्या एका मोलकरणीला सोडवण्याचा नायिका प्रयत्न करते, तो शोकांत होतो, आणि कथा पुन्हा सिंहासनाच्या कटकारस्थानात रमते. नायिकेला दरबारात जागा हवी असते. दरबारच कशाला हवा, हा प्रश्न तिला फारसा पडत नाही. लेखिकेने नोकर पाहिले खरे, पण ते पाहून ती पुढे गेली.

सांगणाऱ्याचे नाव मागे पडण्याची रीत तशी जुनीच. 'ओल्ड डेक्कन डेज' हा दख्खनच्या कथांचा संग्रह १८६८ साली लंडनमध्ये निघाला, तो मुंबईच्या माजी गव्हर्नरांची कन्या मेरी फ्रिअर यांच्या नावे. कथा सांगितल्या होत्या ॲना लिबराटा डिसूझा या आयेने. तिला त्या आजीकडून मिळालेल्या. तिची स्वतःची हकीकत पुस्तकात छापली, एवढे श्रेय संपादिकेला द्यावयास हवे.

मराठी कादंबरीचा आरंभ बऱ्याच अंशी अद्भुतातूनच झाला. 'मुक्तामाला' १८६१ ची, 'मंजुघोषा' १८६८ ची. पुढे वास्तववादाची सरशी झाली, ती योग्यही होती. परंतु अद्भुत मात्र जत्रेतल्या 'गुलबकावली' आणि 'हातिमताई'च्या स्वस्त प्रतींत उरले. १९५२ पासून 'चांदोबा'ने ते दर महिन्याला खेडोपाडी पोचवले. आता तोही नाही. बारा-पंधरा वर्षांच्या वाचकासाठी मोठी अद्भुत कादंबरी मराठीत आज मिळते ती बहुधा अनुवादित, 'हॅरी पॉटर'सारखी. तिच्या किमतीत मजुराच्या घरचा आठवड्याचा किराणा येईल, आणि 'ड' वर्गाच्या ग्रामीण ग्रंथालयाचे अनुदान तिच्यापर्यंत पोचत नाही. मागणी नाही म्हणून पुस्तक नाही, असे प्रकाशक म्हणतात. खरेदीची ऐपत आणि वाचनाची भूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवले जाते.

दिवाळीच्या सुमारास आईबाप फडावर निघतात आणि मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालवली जातात. तेथे संध्याकाळी वाचून दाखवण्याजोगी, आसरांच्या डोहापासून सुरू होणारी कादंबरी कोणी लिहिली, तर ती वर्तमानपत्री कागदावर, रद्दीच्या भावाहून थोड्या अधिक किमतीत काढता येईल काय? त्याचा हिशेब येथील शिक्षकांनी आणि मुद्रकांनी एकत्र बसून मांडावा.