संगणकातले दप्तर आणि त्याची दुसरी प्रत



कामगार चळवळीतल्या माणसाने व्याख्यानमालेत संगणकावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. ते रास्तही आहे. १९६०च्या दशकात आयुर्विमा महामंडळात हे यंत्र येऊ लागले, तेव्हा आमच्याच मागच्या पिढीने त्याला कडाडून विरोध केला होता. त्यामागे नोकऱ्यांची धास्ती होती, आणि ती अगदीच खोटी होती असे मी म्हणणार नाही. पण तो वाद आजचा विषय नव्हे. यंत्र घरात आले, टेबलावर बसले आणि घरचे सारे दप्तर त्याने पोटात घेतले. ते एके दिवशी बंद पडले तर दप्तराचे काय, एवढाच माझा प्रश्न आहे. माझे शाळेतले शिक्षण बेताचे; जे सांगणार आहे ते वाचून आणि हाताने करून शिकलो आहे.

दप्तर गेले की माणसाचे काय जाते, हे गिरणगावाला विचारावे. १९८२च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या. पुढे गिरणी कामगारांसाठी घरांची योजना निघाली, तेव्हा प्रश्न आला: तुम्ही गिरणीत होता याला पुरावा काय? हजेरी पास, फंडाचा क्रमांक, ईएसआयचे कार्ड, यांपैकी एखादा कागद ज्याच्या पत्र्याच्या ट्रंकेत राहिला होता, त्याच्या म्हणण्याला बळ होते. ज्याचा कागद वाळवीने खाल्ला, त्याने आयुष्यभर साचे चालवले असले तरी त्याच्या हातात काय उरले? आजची ट्रंक म्हणजे संगणकातली डिस्क. पगारपत्रके, फंडाचे उतारे, मुलांची प्रमाणपत्रे, गेलेल्या आईवडिलांचे फोटो, सारे तिथेच.

ही डिस्क मरते कशी? जुन्या पद्धतीच्या डिस्कमध्ये चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि वाचणारे टोक त्यांच्यावर केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी अंतरावर तरंगत असते. ज्यांनी गिरणीत चात्या फिरताना पाहिल्या आहेत, त्यांना झीज म्हणजे काय हे समजावायला नको. ही डिस्क जाताना पुष्कळदा टकटक आवाज तरी करते. नव्या एसएसडीत फिरणारे काहीच नसते. ती कित्येकदा एका शब्दाने न कळवता जाते. शिवाय तिच्यावरून पुसलेली फाईल यंत्र स्वतःच लवकर साफ करून टाकते, म्हणून मागाहून दुकानात नेऊन ‘तेवढे काढून द्या’ म्हणण्यात फारसा अर्थ उरत नाही.

तेव्हा प्रत हवी. पण लोक ज्याला प्रत म्हणतात ती पुष्कळदा प्रत नसतेच. त्याच डिस्कवर दुसरा फोल्डर करणे म्हणजे एकाच ट्रंकेत दोन कागद ठेवणे. बाहेरची डिस्क आणून ती कायम यंत्राला जोडून ठेवणे त्याहून बरे. पण मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला, तेव्हा त्याने लोकांच्या फाईलींना कुलपे घालून खंडणी मागितली, आणि यंत्राला जोडलेल्या डिस्कही त्यातून सुटल्या नाहीत. गूगल ड्राइव्हसारखी आपोआप जुळवून घेणारी सोय तर फारच आज्ञाधारक. आपण इथे पुसले की ती तिथेही पुसते. कचरापेटीत ३० दिवस राहते, मग गेले.

प्रत घराबाहेर असावी याचे एक उदाहरण मला फार आवडते. १९९८ साली पिक्सार कंपनीत ‘टॉय स्टोरी २’ हा चित्रपट बनत असताना एका चुकीच्या आज्ञेने त्याचा बराच भाग पुसला गेला, आणि बॅकअपही सदोष निघाला. एक बाई बाळंतपणानंतर घरून काम करीत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत होती, तीच कामी आली. बाळंतिणीला घरून काम करू देणे कोणाच्या फायद्याचे असते, हे मालकवर्गाने ध्यानात घ्यावे.

आता मुख्य मुद्दा. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत भलत्याच सर्व्हरवरचा डेटा पुसला गेला. बॅकअपच्या पाच तऱ्हा त्यांच्याकडे होत्या, पण वेळेला एकही धड चालेना. रोजची प्रत घेणारा प्रोग्राम अपयशी ठरत होता, आणि तसे कळवणाऱ्या ईमेल वाटेतच नाकारल्या जात होत्या. अखेर सुमारे ६ तास आधी वेगळ्याच कामासाठी कोणी घेतलेल्या प्रतीने कंपनीला तारले. त्यांनी हे सारे जाहीरपणे लिहून काढले, हे त्यांच्या लौकिकाला शोभणारे. जिथे पगारी तज्ज्ञ बसले आहेत तिथे हे होते, तर आपल्या घरी कपाटातली डिस्क पाच वर्षे न उघडता ‘बॅकअप आहे’ म्हणण्याला किती किंमत द्यायची? जी प्रत परत बसवून पाहिली नाही, ती आहे की नाही हेच आपल्याला ठाऊक नसते.

म्हणून तालीम करावी. बाहेरच्या दोन डिस्क घ्याव्यात. सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने १ टेराबाइट उतरवायला पावणेतीन तास लागतात. रात्रीच्या जेवणाआधी लावावे, झोपताना काढावे. एक डिस्क कपाटात, दुसरी भावाच्या किंवा मुलीच्या घरी, आणि महिन्याने अदलाबदल. मग एखाद्या रविवारी दुसऱ्याच संगणकावर त्यातल्या दहावीस फाईली उघडून पाहाव्यात. इथे आपल्या मराठी माणसाला एक खास ठेच लागते. जुनी पत्रे श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली असतात. तो फाँट नव्या यंत्रावर नसला की फाईल उघडते, पण अर्जाच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. आमच्या युनियनच्या जुन्या परिपत्रकांची अशी चिन्हे मी पाहिली आहेत. फाँटही प्रतीत ठेवावा, आणि महत्त्वाची कागदपत्रे युनिकोडमध्ये आणून घ्यावीत. विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ आकड्यांची किल्ली कागदावर उतरवून रेशनकार्डाशेजारी ठेवावी. यंत्र जळले आणि डिस्क शाबूत राहिली, तरी त्या किल्लीवाचून ती उघडणार नाही.

एवढे करूनही डिस्क जाणारच. गेली की पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये. टकटकणारी डिस्क प्रत्येक फेऱ्यात चकतीवर आणखी ओरखडे काढू शकते. नवी डिस्क बसवावी. विंडोज घालण्यासाठी किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो, तो आधीच करून ठेवावा. मग कपाटातली डिस्क जोडण्यापूर्वी बिघाड यंत्राचा आहे की व्हायरसचा, हे जाणकाराला विचारून घ्यावे. कारण आता तीच आपली जवळची प्रत आहे. आणि मोडकी डिस्क वॉरंटीत बदलून मिळते म्हणून लगेच देऊन टाकू नये. कंपनी जुनी डिस्क ठेवून घेते, आणि तिच्यात आपली पगारपत्रके अजून असतात. सगळ्या फाईली परत आल्या, उघडल्या, वाचता आल्या, असे होईपर्यंत ती घरीच राहू द्यावी.