न्हाणीमागची केळ

कोकणात न्हाणीच्या मागे केळ आणि अळू असतंच. आंघोळीचं पाणी तिथे आपोआप मुरतं. १९७८ साली ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन यांनी ‘पर्माकल्चर’वर, म्हणजे निसर्गाच्या चालीने बाग-शेती रचण्यावर, पहिलं पुस्तक लिहिलं, त्यातला विचार या केळीच्या फार जवळचा आहे.

अशी बाग करायची तर सुरुवात कुदळीने करू नका. आधी पाहा. ऊन कुठवर येतं, पावसाचं पाणी कुठून वाहतं, कुठे साचतं? रोज लागणारी मिरची, कोथिंबीर, कढीपत्ता स्वयंपाकघराच्या दाराशी. फणस-आंबा दूर, कुंपणाकडे.

आणि पालापाचोळा कृपा करून जाळू नका! तो वाफ्यावर चार बोटं जाड पसरा, फक्त खोडाला चिकटू देऊ नका. या आच्छादनाखाली ओल टिकते, तण दबतं, गांडुळं वर येतात. महिन्याभराने हात घालून पाहा, माती भुसभुशीत लागेल.

मक्याच्या ताटाला चवळीचा वेल चढवा. चवळीच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात. खाली भोपळा पसरू द्या. त्याची रुंद पानं जमिनीवर सावली धरतात.

पहिला वाफा चटईएवढाच करा. यंदाच्या पावसाआधी.